आईच्या मांडीवरची मुलगी

मयंकच्या लग्नात घोडी बिथरली आणि नवरदेवाला पाठीवर घेऊन वरात सोडून पळाली, त्या वर्षीची ही गोष्ट. सुर्व्यांच्या घरात ते वर्ष आजही तसंच सांगतात. माघात घोडी पळाली आणि श्रावण संपता संपता विश्वामित्री नदीचं पाणी समा भागातल्या त्यांच्या सोसायटीत शिरलं.

पाणी काही आरडाओरडा करत आलं नाही. दुपारी ते फाटकाशी दिसलं, चहाच्या वेळेला पायरीवर येऊन बसलं आणि दिवेलागणीला पाहुण्यासारखं घरात शिरलं. सुर्व्यांचं घर तळमजल्यावर. माणसं वरच्या मजल्यावरच्या पटेलांकडे गेली. गाद्या नेल्या, गव्हाचं पिंप नेलं, देव नेले. पलंगाखालची पत्र्याची ट्रंक तेवढी कुणाच्या ध्यानात राहिली नाही.

पाणी ओसरल्यावर सूनबाईंनी, म्हणजे संयोगितानं, ट्रंक उघडली तर आतले फोटोंचे अल्बम पाण्यानं फुगून पावासारखे झालेले. तिनं एकेक फोटो हलक्या हातानं सोडवला, स्वच्छ पाण्यातून काढला आणि घरभर जुन्या चादरी अंथरून त्यांवर वाळत घातला. सगळे पंखे सुरू. फोटो उडू नयेत म्हणून कडांना वाट्या, चमचे, देवघरातली घंटासुद्धा ठेवलेली. घरात माणसाला पाऊल टाकायला जागा उरली नाही, कारण जिथं बघावं तिथं माणसंच पडलेली.

"आबा, जरा सरका ना," संयोगिता म्हणाली. "तुम्ही तुमच्याच लग्नावर उभे आहात."

फत्तेसिंहरावांनी पाय उचलला. खाली खरंच त्यांचं लग्न होतं. बायको मुंडावळ्यांतून ओलसर डोळ्यांनी वर बघत होती. तिला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली होती.

"पुसलं बिसलं गेलं नाही ना माझ्या पायानं?"

"नाही. तुमची मिशी थोडी गेलीय. उलट बरे दिसता."

फत्तेसिंहराव अठ्ठ्याहत्तरीला टेकले होते. आजा संस्थानी राज्याच्या फौजेत, बाप राज्याच्या फौजेत. ते स्वतः बंबखान्यात लागले आणि जन्मभर शहराच्या आगी विझवत राहिले. पाण्याला त्यांनी कायम आपल्या बाजूचं मानलेलं. तेच पाणी घरात घुसून आपली सगळी वर्षं उचकटून गेलं, याचा त्यांना राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट रोज जेवण झालं की ते हात पाठीमागे बांधून त्या चेहऱ्यांमधून जपून फिरायचे, जसं कुणी शेताच्या बांधावरून फिरावं.

धाकटी नात भक्ती कॉलेजात मानव विकास हा विषय शिकत होती. तिच्या मॅडमनी सगळ्यांना एक काम दिलं होतं. घरातलं एक वडीलधारं माणूस घ्यायचं, त्याच्या फोटोंतून माणसाच्या वाढीचे टप्पे मांडायचे, आणि त्या माणसाला प्रत्येक टप्प्याबद्दल काय वाटतं ते त्याच्याशी बोलून लिहायचं.

"आबा, मी तुम्हाला घेते," भक्ती म्हणाली. "तुमचे बधे फोटो तयारच पडलेत ने."

"माझी आता कसली वाढ? आता नुसतं उतरायचं."

"उतरणं पण टप्प्यातच येतं. पुस्तकात आहे."

"पुस्तकात आहे तर मग ठीक."

मग तिनं जेवणाच्या टेबलावर फोटो ओळीनं लावले. दहाएक वर्षांचा मुलगा, दसऱ्याला बापाचा फेटा बांधून, हातात घरची तलवार घेऊन उभा. मग आखाड्यातला लंगोट लावलेला पोरगा, अंगाला माती, दंड मुद्दाम फुगवलेले. मग बंबखान्याचं पितळी शिरस्त्राण घातलेला गडी. मग कमाटी बागेत धैर्यशीलला, म्हणजे भक्तीच्या वडिलांना, खांद्यावर घेऊन उभा असलेला बाप. मग निवृत्तीच्या दिवशीचे गळ्यात हार घातलेले साहेब. आणि शेवटी नातवाच्या, मयंकच्या, लग्नातले आबा, घोडीच्या शोधात गेलेल्या पोरांकडे हात करून ओरडणारे.

"आता एकेकाबद्दल सांगा."

फत्तेसिंहराव चष्मा पुसून बघत राहिले.  मग त्यांनी फेट्यातल्या मुलावर बोट ठेवलं.

"ही तलवार फार जड होती. हात थरथरायला लागला. म्हणून मोहनकाकांनी मागून माझं कोपर धरलं होतं. फोटोत काका दिसत नाहीत."

"आणि हा?" तिनं शिरस्त्राणवाल्याकडे दाखवलं.

"हा! याला वाटायचं, मरण हे दुसऱ्यांच्या घरी असतं. हा शिडी लावून तिथं जायचा आणि माणसं काढून आणायचा."

"आणि हे हारवाले?"

"याचे पाय दुखत होते. बूट नवे होते." ते हसले. "भक्ती, खरं सांगू? या सगळ्यांना मी ओळखतो, पण यातला मी कोणता ते मला कळत नाही. हा पोरगा मला भेटला तर काका म्हणेल. हा साहेब भेटला तर मीच याला नमस्कार करेन."

भक्तीनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग पेनचं टोपण लावत म्हणाली, "पहिला खाना खाली राहिला. शैशव. तुमचा नानपणचा एक पण फोटो नाही?"

"नाही."

"वांधा नाही. मॅडम म्हणाल्यात, जुन्या लोकांकडे नसतात. खाली राहिला तरी चालेल."

"असू दे रिकामा मग," फत्तेसिंहराव म्हणाले.

तोंडानं म्हणाले, पण त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं.

भिंतीवर आईचा फोटो होता. उंच लावलेला, म्हणून पाणी तिथवर पोचलं नव्हतं. आईचा उभ्या आयुष्यातला हा एकच फोटो. खुर्चीत बसलेली, डोक्यावर पदर, नाकात नथ. मांडीवर तीनेक वर्षांची मुलगी, परकर-पोलक्यातली, केसांत फूल, नाकात वाळी, हातात बांगड्या. ती मुलगी म्हणजे कुसुम, त्यांची मोठी बहीण, अक्का. असंच घरात सगळे सांगत आले. तू कुठं होतास, असं कुणी विचारलं की अक्काच उत्तर द्यायची: फत्तू तेव्हा झालाच नव्हता. ते चार वर्षांचे असताना आई गेली. फत्तेसिंहरावांना तिचा आवाज आठवत नव्हता, हात आठवत नव्हता. तिनं आपल्याला मांडीवर घेतलं असणार, हे त्यांना माहीत होतं; पण जसं आपल्याला एक खापरपणजोबा असणार हे माहीत असतं, तसं. या वयाच्या माणसानं कुणाला सांगू नये अशी एक गोष्ट त्यांच्या मनात होती. त्यांना जन्मभर त्या फोटोतल्या मुलीचा हेवा वाटत आला होता.

दुपारी ते व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर पडले. झोपाळा हलत होता, आतून पंख्यांचा आवाज येत होता, आणि ओल्या भिंतींचा वास घरभर भरला होता. डोळा लागला न लागला तोच ते सगळे आले. फेट्यातला मुलगा, मातीतला पोरगा, शिरस्त्राणवाला, बाप, साहेब. गुडघाभर पाण्यातून चालत आले, पण पाय कुणाचेच भिजलेले नव्हते. येऊन ओळीनं बसले, त्यांच्या लहानपणी पाणीगेटच्या जुन्या चाळीत लोक पायरीवर बसायचे तसे.  चहाची एक बशी या हातातून त्या हातात जात होती आणि जो तो एक घोट घेऊन पुढं देत होता. शेवटी बशी ओळीच्या सुरुवातीला आली. तिथं जागा मोकळी होती. मुलानं ती बशी त्या मोकळ्या जागेपुढं ठेवली आणि सगळे वाट बघत बसले.

मग बायकी आवाजात हाक आली, "ठके, ए ठके!"

ही हाक त्यांना जुनीच ओळखीची. वर्षातून एखादं स्वप्न असं पडायचंच. हाक यायची, मग एक लहानसा हात दिसायचा, त्यात हिरव्या बांगड्या. हात धुळीत काहीतरी उकरायचा. अक्काचा हात, असं ते जागेपणी म्हणायचे. अक्काला लहानपणी ठकी म्हणत असतील. आज स्वप्नात त्या हाताला खाज सुटली, आणि खाज त्यांच्या मनगटाला आली.

जागे झाले तर डास चावत होता.

आत भक्ती स्टुलावर चढून आईचा फोटो भिंतीवरून उतरवत होती. "आबा, पणजीचा फोटो तरी लावते पहिल्या पानावर. तुमची मम्मी म्हणून." तिनं चौकट टेबलावर ठेवली, मोबाइलनं फोटो काढला आणि दोन बोटांनी मोठा करून बघू लागली. मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "मम्मी, हा फोटो ऊंधा छापलाय."

संयोगिता पदराला हात पुशीत आली. "उलटा कशावरून?"

"अक्काआजीची वाळी बघ. जमण्या नाकात. आपलं तर डावं टोचतात."

संयोगितानं चष्मा लावून बघितलं. बायकांचं लक्ष अशा गोष्टीत लवकर जातं. "उलटा छापला असता तर आजेसासूबाईंची नथपण उजवीकडे गेली असती ना? त्यांची डावीकडेच आहे. पदर पण बरोबर आहे. फोटो सरळ आहे."

"मग पोरीचं नाक कोणी ऊंधं टोचलं?"

 संयोगितानं मान वळवून सासऱ्यांकडे बघितलं. फत्तेसिंहराव दारात उभे होते आणि त्यांचा हात आपोआप नाकाकडे गेला होता. उजव्या नाकपुडीवर एक बारीक खळगा होता. दाढी करताना वस्तरा तिथं नेहमी अडखळायचा. देवीचा व्रण, असं त्यांना लहानपणापासून सांगितलेलं. देवीचा एकच व्रण, तोही नाकावर, बाकी सगळं अंग गुळगुळीत. बायको थट्टा करायची, देवी तुमच्याकडे उभ्या उभ्या येऊन गेली.

"अक्काचं नाक डावीकडे टोचलंय," ते हळूच म्हणाले. "हिऱ्याची चमकी घालते. डावीकडे."

पितृपंधरवडा उलटला तसे ते भक्तीला घेऊन डभोईला निघाले. चौकट जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली. बसमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलं, "सूं छे, काका? भगवान?"

"हां, माताजी," फत्तेसिंहराव म्हणाले, आणि काकूंनी लगेच आदरानं पाय आवरून घेतले. भक्ती खिडकीकडे तोंड करून हसली.

अक्का डभोईला लेकाकडे राहत होती. नवरा, जयवंतराव भोईटे, केव्हाच वारलेले. गेलं वर्षभर तिचे पाय सुजत होते, दम लागत होता, डॉक्टरनं मीठ बंद केलं होतं आणि ती सुनेला, योगिनीला, रोज मिठासाठी छळत होती. तिची खाट खिडकीशी होती. खाटेच्या वर तोच फोटो, दुसरी प्रत. अक्काची नातवंडं येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवायची, ही आमची आजी, छोटी असताना.

"आलास?" अक्का पडल्या पडल्या म्हणाली. "मला वाटलं, पाण्यात वाहून गेलास. बंबवाला आणि पाण्यात गेला, लोक हसले असते."

"तुझ्यासाठी बटाट्याचा लीला चिवडा आणलाय."

"दात आणलेस का सोबत?"

योगिनीनं चहा केला, मामांना गूळपापडी दिली, अक्काच्या माहेरच्या गप्पा झाल्या. मग फत्तेसिंहराव योगिनीला म्हणाले, "पोरीला हिरा भागोळची जुनी वेस दाखवून आण. तिनं पाहिली नाही." योगिनी शहाणी बाई. तिनं चपला घातल्या आणि भक्तीला घेऊन बाहेर पडली.

फत्तेसिंहरावांनी टॉवेल सोडला आणि चौकट अक्काच्या मांडीवर ठेवली.

"ही कोण?"

"डोळे गेले का तुझे? मी."

"तुझं नाक डावं. हिचं उजवं."

"जुन्या फोटोत होतं तसं. उलटं पडतं."

"मग आईचं का नाही पडलं?"

 खिडकीबाहेर कुणीतरी कणसं भाजत होतं, त्याचा धूर आत येत होता. अक्कानं धुराकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. भक्तीनं फोटो मोठा केला."

"आग लागो त्या मोबाइलला."

"अक्का, ही मी आहे का?"

"ही मी आहे म्हटलं ना!" ती एवढ्या जोरानं बोलली की तिला धाप लागली. फत्तेसिंहरावांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं तो ढकलला, मग घेतला, मग दोन घोट पिऊन त्यांच्याकडे बघितलं. डोळे भरलेले. "का उकरतोयस? बरा जगतोयस ना? दिवस भरत आले माझे, तेवढे जाऊ दे की."

"मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालो अक्का. आईच्या मांडीवर मी कधी बसलो का, एवढंच विचारतोय. दुसरं काही नको मला."

अक्कानं तांब्या खाली ठेवला. पदरानं तोंड पुसलं. मग तिनं आधी दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, जणू कुणी ऐकत उभं आहे, आणि त्याला जवळ ये म्हणून खूण केली. ती बोलली ती अगदी कानाशी.

"माझ्या पाठीवर दोन मुलगे झाले. दोन्ही वर्षाच्या आत गेले. मग तू झालास. आजी म्हणाली, घराला मुलगा लाभत नाही, सटवाई उचलून नेते. याला मुलगी म्हणून वाढवा. केस कापायचे नाहीत, परकर नेसवायचा, बांगड्या घालायच्या. ठकी म्हणायचं. नाक टोचलं, पण मुलाचं म्हणून उजवं टोचलं. आजी म्हणाली, सटवाईला फसवायचंय, देवाला नाही."

फत्तेसिंहरावांचा हात परत नाकाकडे गेला. अक्कानं तो मधेच धरला.

"त्या वर्षी राज्य विलीन झालं. वडिलांची, आबासाहेबांची, फौज मोडली, कुणाला कुठं पाठवतील काही कळेना. म्हणून आई म्हणाली, एक फोटो काढून ठेवू. फोटो काढला आणि मग घाबरली. म्हणाली, हा तर कायमचा राहणार. कुणी बघेल, कुणी म्हणेल, हा फत्ते. मला जवळ घेऊन शपथ घातली. कुणीही विचारलं तरी म्हणायचं, फोटोतली कुसुम. आणि त्याला तर कधीच सांगायचं नाही. ज्या दिवशी तो स्वतःला ओळखेल, त्या दिवशी तीही त्याला ओळखेल."

"कोण ती?"

"सटवाई रे! सांगतेय काय मी एवढा वेळ!" अक्का चिडली. "नंतर आई गेली. आत्यानं चांदोदला नर्मदेवर नेऊन तुझे केस काढले, बांगड्या वाढवल्या. तुला काही आठवत नव्हतं. मोठी माणसं एकेक करून गेली. मग शपथ राखायला मी एकटीच उरले. तू बंबावर होतास तेव्हा आगीची घंटा ऐकली की मी देवापुढं बसून म्हणायची, फोटोतली मी आहे, फोटोतली मी आहे."

 फत्तेसिंहरावांनी चौकट आपल्याकडे वळवली आणि मांडीवरच्या मुलीकडे बघितलं. तिची जाडजूड मनगटं, हनुवटीला पडलेली खळी. स्वप्नातला हात तोच होता. आणि एवढी वर्षं तो आपल्याच अंगातून दिसत होता, म्हणून त्याचा चेहरा कधी दिसला नाही. त्यांना वाटलं, आता रडू येईल. पण आलं ते भलतंच काही. अंगाखाली एक ऊबदार मांडी असल्यासारखं वाटलं, आणि ती किंचित हलल्यासारखी.

मग त्यांच्या ध्यानात आलं, आणि ऊब ओसरली.

"अक्का, मग तुझा आईबरोबर फोटोच नाही."

"नाही."

"एवढी वर्षं तुझ्या खाटेवर लावलायस तो..."

"तुझा. मग? पोरांना काय सांगणार होते?"

जन्मभर ज्या मुलीचा हेवा केला, ती मुलगीच नव्हती. आणि जिचा समजून करत होतो तिच्याजवळ तर काहीच नव्हतं. फत्तेसिंहराव हे मनात नीट लावू बघत होते आणि ते लागत नव्हतं. हा फोटो आपला म्हणायचा तर म्हाताऱ्या बहिणीच्या हातून आई काढून घ्यायची. त्यांनी चौकट पुन्हा टॉवेलात गुंडाळायला घेतली.

"थांब," अक्का म्हणाली. "मूर्ख आहेस अगदी. नीट बघ. आई कुठं बघतेय?"

त्यांनी बघितलं. आई समोर बघत नव्हती. मांडीवरच्या पोराकडेही बघत नव्हती. तिची नजर थोडी बाजूला, कॅमेऱ्याच्या उजवीकडे, खाली होती, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू अडवून धरलेलं होतं. पोराची नजरही तिकडेच.

"तू ऐकत नव्हतास. खाली उतरायचास सारखा. फोटोवाला कंटाळला. मग आई मला म्हणाली, कुसुम, तू समोर उभी राहा आणि माकड करून दाखव. मी डोळे फिरवले, कान ओढले, जीभ काढली. तू गप्प झालास आणि आईला हसू आलं." अक्काचा सुजलेला हात काचेवर आईच्या तोंडाशी थांबला. "हे हसू आहे ना, हे माझ्यासाठी आहे. मांडी तुझी, पण बघतेय ती माझ्याकडे. मी खाटेवर पडल्या पडल्या इथून बघते ना, तर ती बरोबर माझ्याकडेच बघते. म्हणून लावलाय. पोरं काय म्हणायची ते म्हणोत."

आणि त्या म्हाताऱ्या बाईनं, धाप लागलेली असताना, डोळे फिरवले आणि दोन्ही कान ओढून जीभ काढली.

फत्तेसिंहराव हसले. हसता हसता पुढं वाकले आणि त्यांनी खाटेच्या कडेवर कपाळ टेकलं. अक्कानं त्यांच्या विरळ केसांतून हात फिरवला. "ठके," ती म्हणाली, "ए ठके." दुपार अशीच गेली. कधी त्यांना डुलकी लागत होती, कधी तिला. जो जागा असेल तो दुसऱ्याचा श्वास ऐकत होता. पाणीगेटची गल्ली, राज्याची फौज, विश्वामित्रीचं पाणी, सगळं त्या धुरात जवळ जवळ येऊन बसलं होतं.

पाऊल वाजलं तशी अक्का सावध झाली. घाईनं म्हणाली, "ऐक. तुला सांगितलं ते सांगितलं. पण मी आहे तोवर फोटोतली मुलगी कुसुमच. कुठं लिहायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. माझी राखण अजून संपली नाही. मी गेल्यावर तू आणि ती काय ते बघून घ्या."

"अक्का, या वयात ती येऊन करणार काय?"

"तुला हसायला काय जातंय? शपथ तू नाही वाहिलीस."

"बरं," फत्तेसिंहराव म्हणाले. "तू आहेस तोवर ती कुसुम."

परत येताना त्यांनी भक्तीला सगळं सांगितलं. तिला सांगितल्याशिवाय तिच्या पहिल्या पानाचं काय करायचं ते ठरत नव्हतं. ती बसच्या खिडकीशी डोकं टेकून ऐकत होती. वाटेत कापसाची शेतं मागं जात होती, ऊन पिवळं झालं होतं. शेवटी ती म्हणाली, "आबा, मॅडमना हे सांगितलं असतं तर केवढं सरस झालं असतं."

"झालं असतं."

"पण नाही सांगायचं."

"नाही. पहिला खाना रिकामा ठेव."

तिनं तसंच केलं. खाली "शैशव" एवढं लिहिलं आणि वर कोरा कागद ठेवला. बाकीच्या पानांवर आबांनी सांगितलेलं होतं, काकांनी धरलेलं कोपर, नव्या बुटांनी दुखलेले पाय. मॅडमनी कोऱ्या पानाबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, फोटो आहे, पण हमणां कुणाकडे तरी सांभाळायला आहे. मॅडमना वाटलं, पुरात भिजला असेल.

फत्तेसिंहरावांनी मात्र भिंतीवर फोटो थोडा खाली लावून घेतला, झोपाळ्यावरून दिसेल असा. संयोगिता म्हणाली, परत पाणी आलं तर? ते म्हणाले, आलं तर उचलून घेऊ.

भाऊबीजेला ते डभोईला गेले. अक्काला उठवत नव्हतं. योगिनीनं तिला पाठीशी उशा लावून बसवलं आणि तिनं बसल्या जागी भावाला ओवाळलं. ओवाळून झाल्यावर त्याच्या कपाळाचं कुंकू नीट झालं नाही म्हणून दोनदा पुसून परत लावलं. भक्तीनं मोबाइल काढला तर म्हणाली, "मला नको काढूस. याचा काढ. याचे फोटो कमी आहेत." जाताना तिनं त्याला दारातून परत बोलावलं आणि सांगितलं की रात्री दूध पिऊन झोपत जा, आणि झोपाळ्यावर उघड्या अंगानं पडू नको. तो हो म्हणाला.

त्यानंतर ते फोनवर बोलले. ती दमायची, म्हणून थोडंच. कधी ती नुसती विचारायची, "आहेस ना?" तो म्हणायचा, "आहे." आणि ती फोन ठेवायची.

कुसुमावती जयवंतराव भोईटे दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी, शुक्रवार, १३ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी, डभोई येथे राहत्या घरी वारल्या.